परतीचा बाण

रात्री साडेदहाला, सोहारच्या या खोलीत
एसी कण्हत असतो
आणि मी वरच्या बंकवर, पोटावर लॅपटॉप घेऊन
एक बटण डावीकडे सरकवतो दोन ठिपके.
पुन्हा उजवीकडे.
खालून इक्बाल मुकादम विचारतो,
"काय रे, फरशी बसवतोयस?"

दिवसा मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये हातमोजे मोजतो.
रात्री हे :
कुंदावहिनींच्या मेससाठी ॲप.
आज जेवणार. आज नाही.
दोन बटणं, दोन रात्रींचं काम, असं मला वाटलं.
त्यात अख्खा ऑगस्ट गेला.

पहिलं बटण नाजूक केलं, शोभेचं.
इक्बालनं त्यावर अंगठा टेकवला,
सतरा वर्षं क्रेनच्या दांड्यावर घासलेला.
'जेवणार' दाबलं की 'नाही' लागायचं.
त्या रात्री तो चहात खुबूस बुडवून झोपला,
मला बोलला नाही.
सकाळी मी पट्टी घेऊन त्याचा अंगठा मोजला.
"अंगठी करतोस काय?"
बावीस मिलिमीटर.
बटण तेवढं झालं, आणि कुरूप झालं,
आणि चाललं.

फिकट राखाडीच्या मी प्रेमात होतो.
पांढऱ्यावर राखाडी अक्षरं, जणू हळू बोलणारा शहाणा माणूस.
डबे पोचवणाऱ्या सलीम अल-बलुशीनं
दुपारी एक वाजता पिकअपच्या खिडकीत फोन धरला,
वळवला, हातानं सावली केली.
"माफी," म्हणाला.
अरबीत, काही नाही.
मी मराठीत ऐकलं
आणि मागितली.
अंधाऱ्या खोलीत बसून मी
शेहेचाळीस डिग्रीतल्या माणसासाठी रंग निवडत होतो.

'नाही' लाल होतं.
वहिनी बघून म्हणाल्या,
"एवढं चिडून कशाला सांगायचं? भूक नसेल, एवढंच ना."
आता ते आमसुलाच्या रंगाचं आहे.

मग त्यांनी वही दाखवली.
नावापुढे टिंब म्हणजे वांगं चालत नाही.
दुमडलेला कोपरा : पगार झालेला नाही, विचारू नये.
गुरुवारी तीन नावांना फुली,
आणि एका फुलीशेजारी बारीक अक्षरात : तरी केळं पाठवणे.
हे कुठल्या पडद्यावर बसवायचं?
चार रात्री नुसता ती वही वाचत बसलो.

सलीमसाठी अरबी पडदा केला
तेव्हा सगळंच फिरलं, आरशात बघावं तसं.
परतीचा बाणही उजवीकडे वळला.
मी दुरुस्त करायला गेलो;
पण ती चूक नव्हती,
त्यांच्या वाचण्यात मागे म्हणजे उजवीकडे.
स्टोअरच्या भिंतीवर कंपनीचा नकाशा आहे.
त्यातही सोहारच्या उजवीकडे निळं पाणी,
आणि पाण्याच्या पलीकडे, छापायचं राहून गेलेलं, दापोली.
मराठी पडद्यावरचा बाण अजून
वाळवंटाकडे बघतो.

डिसेंबरात इक्बालचा व्हिसा संपला.
दोन बॅगा, एक मिक्सर, दोरीनं बांधलेलं ब्लँकेट.
जाताना फोन माझ्यापुढे धरला,
"यातनं मला काढ आता."
काढायचं बटण मी केलंच नव्हतं.
वहिनींना विचारलं, तुम्ही काय करता?
"रेघ मारते. खालचं नाव वाचता येईल अशी."

म्हणून यादीच्या तळाशी तो आहे,
फिकट राखाडी.
उन्हात दिसत नाही.
रात्री दिसतो.

काल मेसवर गेलो होतो.
पडदा म्हणाला, एकशे आठ पोळ्या.
वहिनींनी टोपलीवरचं फडकं उचललं, मोजल्या,
पुन्हा मोजल्या.
एकशे बारा.
"हाताला सवय," म्हणाल्या,
आणि वरच्या चार
माझ्या डब्यात घातल्या.